‘अप्राप्य’ कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये

जे मिळवता येत नाही, जेथवर पोहोचता येत नाही, ते अप्राप्य. हा अर्थ बरोबर आहे आणि बहुतेकांना तो ठाऊकही असतो; परंतु हा शब्द अनेकदा ज्या सैलपणाने वापरला जातो तो पाहता त्या अर्थातील ‘येत नाही’ या भागावर थोडे थांबणे गरजेचे वाटते. एखादी गोष्ट आपल्याला अजून मिळालेली नाही, ती मिळवणे कष्टाचे आहे, ती सध्या कोठे मिळत नाही, ती आपल्या ऐपतीत बसत नाही आणि ती कोणालाही, कधीही, कोणत्याही उपायाने मिळू शकत नाही, या अगदी वेगवेगळ्या परिस्थिती आहेत. मराठीत त्यांपैकी प्रत्येकीसाठी चांगला रुळलेला शब्द आहे. तरीही बातमीत, निबंधात आणि भाषणात या सर्व ठिकाणी ‘अप्राप्य’ हा एकच शब्द योजलेला आढळतो, आणि मग वाचणाऱ्याला नेमकी अडचण कोणती आहे हे कळेनासे होते.

या शब्दाचे मूळ ‘आप्’ या संस्कृत धातूत आहे. ‘आप्’ म्हणजे पोहोचणे, गाठणे, मिळवणे. त्याला ‘प्र’ हा उपसर्ग लागला की ‘प्राप्’ होते, त्यापासून प्राप्त, प्राप्ती आणि प्राप्य हे शब्द तयार होतात, आणि प्राप्यच्या मागे नकाराचा ‘अ’ जोडला की अप्राप्य सिद्ध होतो. हा धातू मराठीत किती मुरलेला आहे हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. व्याप्त, समाप्त, पर्याप्त, आप्त हे सगळे शब्द त्याचेच आहेत. ‘ईप्सित’ हा शब्दही, दिसायला कितीही वेगळा वाटला तरी, याच घराण्यातला आहे. ‘आप्’ला इच्छा दाखवणारा प्रत्यय लागला की त्याचे रूप ‘ईप्स्’ असे होते आणि त्याचा अर्थ मिळवण्याची इच्छा करणे असा होतो. म्हणजे मिळालेले ते प्राप्त, मिळावेसे वाटते ते ईप्सित आणि मिळूच शकत नाही ते अप्राप्य, हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत.

संस्कृत व्याकरणकारांनी हा धातू फार विचारपूर्वक हाताळला आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक ईप्सित असते ते वाक्यातील कर्म होय. पुढे भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अशा कर्माचे तीन प्रकार सांगितले: क्रियेमुळे जे नव्याने घडते ते निर्वर्त्य, क्रियेमुळे ज्याच्यात बदल होतो ते विकार्य, आणि क्रियेमुळे ज्याच्यात काहीही फरक पडलेला दिसत नाही ते प्राप्य. कुंभार घडा करतो, आग लाकडाची राख करते आणि आपण सूर्य पाहतो, अशी या तिन्हींची उदाहरणे देता येतील. आपण पाहिल्यामुळे सूर्याचे काहीच होत नाही. आपली दृष्टी त्याच्यापर्यंत पोहोचते, एवढेच. ‘प्राप्य’ या शब्दात ताब्यात घेण्याच्या अर्थापेक्षा पोहोचण्याचा अर्थ किती मूळचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्यामुळे ‘अप्राप्य’चा अर्थ लावतानाही हातात न येणारी वस्तू एवढ्यावरच थांबण्याचे कारण नाही, जेथवर जाता येत नाही अशी अवस्था, असे ज्ञान किंवा अशी परिपूर्णता हेही अप्राप्यच असते.

या शब्दाचा सारा भार मात्र त्याच्या शेवटच्या ‘य’वर आहे. संस्कृतातील हा प्रत्यय ‘करण्याजोगे’ किंवा ‘करता येण्यासारखे’ असा अर्थ देतो. पिण्याजोगे ते पेय, देण्याजोगे ते देय, पाहता येते ते दृश्य, साधता येते ते साध्य. त्याच्या मागे नकार आला की तो नकार शक्यतेला लागतो. म्हणून असाध्य रोग म्हणजे जो बरा करता येत नाही असा रोग, अभेद्य तटबंदी म्हणजे जी भेदता येत नाही अशी तटबंदी, आणि अविभाज्य भाग म्हणजे जो वेगळा काढता येत नाही असा भाग. याच्या उलट ‘त’ हा प्रत्यय झालेल्या गोष्टीविषयी बोलतो. प्राप्त म्हणजे मिळालेले, आणि अप्राप्त म्हणजे न मिळालेले. अप्राप्त हे केवळ आजच्या स्थितीचे वर्णन आहे. त्यात उद्याविषयी एक अक्षरही नाही. अप्राप्य हा मात्र निर्णय आहे, आणि तो आजपुरता नसून कायमचा आहे. या दोन शब्दांत लिहिताना एका अक्षराचा फरक असला, तरी अर्थाने ते एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक सगळा गोंधळ येथेच सुरू होतो.

‘अजिंक्य’ या शब्दावरून हे अधिक स्पष्ट होईल. हा शब्द संस्कृत वाटतो, पण तो मराठीने स्वतः घडवलेला आहे. संस्कृतात ‘जि’ या धातूपासून अजेय असे रूप होते, तर मराठीने आपल्या ‘जिंकणे’ या क्रियापदालाच ‘य’ जोडून अजिंक्य हा शब्द तयार केला आणि तो इतका सुरेख जमला की आता त्याची घडण कोणाला जाणवतही नाही. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने 1700 साली घेतला आणि त्याला आझमतारा असे नाव दिले. मराठ्यांनी तो परत मिळवल्यानंतर त्याचे नाव अजिंक्यतारा झाले. जो किल्ला प्रत्यक्षात एकदा जिंकला गेला होता, त्यालाच जिंकता न येणारा असे नाव मिळाले, कारण ते नाव देणाऱ्यांना इतिहासाची नोंद करायची नव्हती, निर्धार व्यक्त करायचा होता. उलट एव्हरेस्ट शिखराचे उदाहरण घ्यावे. 29 मे 1953 रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी तेथे पोहोचले, तोवर त्या शिखराला अजिंक्य म्हणणे भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखे असले, तरी काटेकोर अर्थाने ते फक्त अजित होते, म्हणजे तोवर कोणी न जिंकलेले.

अप्राप्त या शब्दाचे जुन्या परंपरेतील एक फार नेमके स्थान येथे सांगण्यासारखे आहे. ‘योगक्षेम’ हा शब्द गीतेतील ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ या चरणामुळे आणि भारतीय आयुर्विमा महामंडळाने तोच चरण बोधवाक्य म्हणून स्वीकारल्यामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. शंकराचार्य आपल्या भाष्यात त्याची फोड करतात: अप्राप्त असलेले मिळवून देणे म्हणजे योग, आणि मिळालेल्याचे रक्षण करणे म्हणजे क्षेम. तेथे अप्राप्त हाच शब्द हवा. अप्राप्य म्हटले असते तर वाक्यच कोसळले असते, कारण जे मिळूच शकत नाही ते मिळवून देण्याचे आश्वासन कोण देणार? धर्मशास्त्रात अज्ञान मुलाला, म्हणजे ज्याला अजून कायदेशीर व्यवहार करण्याची पात्रता आलेली नाही त्याला, अप्राप्तव्यवहार म्हणत असत. त्यातही हाच अर्थ आहे; पात्रता अजून आलेली नाही, पण वय वाढताच ती येणार आहे.

संस्कृत वचने वाचणाऱ्यांसाठी येथेच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. तैत्तिरीय उपनिषदात ‘यतो वाचो निवर्तन्ते । अप्राप्य मनसा सह ।’ असे प्रसिद्ध वचन आहे. मराठी वाचक तेथील अप्राप्य हा शब्द साहजिकच विशेषण समजून वाचतो आणि ब्रह्म अप्राप्य आहे असे तेथे म्हटले असल्याचे मानतो. व्याकरण मात्र वेगळे आहे. संस्कृतात ‘करून’, ‘जाऊन’ अशा अर्थाचे रूप करताना साध्या धातूला ‘त्वा’ लागते आणि उपसर्ग असलेल्या धातूला ‘य’ लागते. म्हणून गत्वा, पण आगम्य. त्याच नियमाने प्राप्य म्हणजे ‘मिळवून’ आणि अप्राप्य म्हणजे ‘न मिळवता’, ‘न गाठता’. वाणी मनासह ज्याला न गाठताच जेथून मागे फिरते, असा त्या वचनाचा सरळ अर्थ आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जेव्हा ‘अप्राप्य योगसंसिद्धिं’ असे म्हणतो, तेव्हाही त्याला योगसिद्धी न मिळवलेल्या माणसाचे काय होते हे विचारायचे असते; योगसिद्धी मिळणे अशक्य आहे असे त्याचे म्हणणे नसते. मराठीत हे दुसरे रूप आलेले नाही, येथे अप्राप्य हे केवळ विशेषण आहे, त्यामुळे मराठी लिहिताना अडचण येत नाही. पण वचने उद्धृत करून त्यांवर मोठे निष्कर्ष उभारण्यापूर्वी हा भेद तपासून घ्यावा.

आता शेजारच्या शब्दांकडे वळू. त्यांत पहिला मान दुर्लभचा आहे. ‘लभ्’ म्हणजे मिळणे किंवा मिळवणे, आणि ‘दुस्’ किंवा ‘दुर्’ हा उपसर्ग येथे ‘कष्टाने’ असा अर्थ देतो. जे कष्टाने मिळते ते दुर्लभ आणि जे सहज मिळते ते सुलभ. कष्टाने का होईना, पण मिळते, हे दुर्लभ या शब्दात गृहीतच आहे. दुष्प्राप्य हा शब्दही त्याच अर्थाचा आहे आणि त्यात ‘दुस्’मधील स्‌चा पुढील ‘प’मुळे ष्‌ झाला आहे, जसा तो दुष्कर या शब्दात ‘क’मुळे होतो; म्हणून दुःप्राप्य किंवा दुश्प्राप्य असे न लिहिता दुष्प्राप्य असे लिहावे. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या मोजक्याच प्रती उरल्या असतील आणि त्या शोधाव्या लागत असतील, तर तो ग्रंथ दुष्प्राप्य आहे. एकही प्रत कोठेच उरलेली नसेल, तर मात्र तो अप्राप्य म्हणता येईल.

मिळण्याची शक्यता वस्तूवर अवलंबून असते की मिळवणाऱ्यावर, हाही प्रश्न येथे येतो, आणि त्याचे फार सुंदर उत्तर कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभीच एका शब्दात देऊन ठेवले आहे. आपल्यासारख्याने कवीच्या कीर्तीची अपेक्षा धरणे म्हणजे उंच माणसाच्या हाताला येणाऱ्या फळासाठी ठेंगू माणसाने हात उंचावण्यासारखे आहे, असे तो नम्रपणे म्हणतो. त्या फळाला त्याने ‘प्रांशुलभ्य’ म्हटले आहे. प्रांशु म्हणजे उंच, आणि त्याला जे मिळू शकते ते प्रांशुलभ्य. फळ अलभ्य आहे असे तो म्हणत नाही. फळ आपल्या जागी आहे, फांदी आपल्या जागी आहे, फरक आहे तो खाली उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीत. ‘अप्राप्य’ लिहिण्यापूर्वी आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते खरोखर अलभ्य आहे की नुसते प्रांशुलभ्य, हे पाहण्याची सवय प्रत्येक लिहिणाऱ्याने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

दुर्मिळ हा शब्द दुर्लभच्या अगदी जवळचा आहे आणि अजिंक्यप्रमाणे तोही मराठीने ‘मिळणे’ या आपल्या क्रियापदापासून घडवला आहे, पण त्याचा रोख थोडा निराळा आहे. दुर्लभ मिळवण्याच्या कष्टांकडे बोट दाखवतो, तर दुर्मिळ संख्येकडे किंवा वारंवारतेकडे दाखवतो. कपिलाषष्ठीचा योग या वाक्प्रचारात हाच अर्थ आहे: भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात योग हे सारे एकत्र येणे फार क्वचित घडते, आणि तो योग यावा म्हणून कितीही कष्ट केले तरी काही उपयोग नसतो, तो आला की येतो. क्वचितच भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. उंबराला फुले नसतात असे नव्हे. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या मांसल आवरणाच्या आत असंख्य बारीक फुले असतात, टोकाशी असलेल्या छिद्रातून इवलेसे कीटक आत शिरतात आणि तेथेच परागीभवन होते. फुले आहेत, पण ती बाहेर उमलत नसल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. फळ उघडून पाहणाऱ्याला ती दिसतात. म्हणजे नेमके बोलायचे तर उंबराचे फूल दुर्लभदर्शन आहे, अप्राप्य नाही.

दुरापास्त हा मराठी लेखकांचा फार आवडता शब्द आहे आणि त्याच्या वापरात होणारी चूक सहज टाळता येण्यासारखी आहे. दूर आणि अपास्त मिळून तो झाला आहे. अपास्त म्हणजे फेकलेले, बाजूला सारलेले. त्यामुळे दुरापास्त म्हणजे दूर लोटली गेलेली, जवळजवळ संपुष्टात आलेली शक्यता. हा शब्द वस्तूला लागत नाही, घटनेला लागतो. ‘तो ग्रंथ दुरापास्त आहे’ हे वाक्य कानाला खटकते. ‘तो ग्रंथ आता मिळणे दुरापास्त आहे’ हे वाक्य बरोबर आहे. शिवाय त्यात काळाची चाहूल आहे: पूर्वी शक्य वाटत होते, आता वाटेनासे झाले. ‘दोन्ही पक्षांत तडजोड होणे दुरापास्त झाले’ असे म्हणताना ‘झाले’ हे क्रियापद किती स्वाभाविकपणे येते, ते पाहावे.

संस्कृत शब्दांपेक्षा कितीतरी अधिक वेळा आपल्या तोंडी येतो तो ‘आवाक्याबाहेर’ हा शब्द, आणि मला तो या सर्वांत अधिक प्रामाणिक वाटतो. आवाका म्हणजे कवेत घेण्याची किंवा पेलण्याची मर्यादा. तो नेहमी कोणाचा तरी असतो; विषयाचा आवाका, कामाचा आवाका, माणसाचा आवाका. त्यामुळे ‘आवाक्याबाहेर’ म्हटले की ‘कोणाच्या?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि वाक्यातच त्याचे उत्तर द्यावे लागते. हाताबाहेर हा शब्द दिसायला त्याच्याच जवळचा असला, तरी त्याचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. परिस्थिती हाताबाहेर गेली म्हणजे तिच्यावरचा ताबा सुटला. जी गोष्ट आधी हातात होती तीच हाताबाहेर जाऊ शकते. आटोक्याबाहेरचेही तसेच, आग आणि साथ आटोक्यात येते किंवा आटोक्याबाहेर जाते, पण कोणी आग मिळवायला निघालेला नसतो. बाण किंवा तोफगोळा पोहोचत नाही तेव्हा लक्ष्य पल्ल्याबाहेर असते, आणि डोळे पोहोचत नाहीत तेव्हा वस्तू दृष्टीच्या टप्प्याबाहेर असते. या सर्व शब्दांत मर्यादा मोजता येते आणि म्हणूनच ती वाढवताही येते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे दाखवण्यासाठी एकच वाक्य जवळून पाहू: ‘हे औषध रुग्णांना अप्राप्य आहे.’ वाक्य शुद्ध आहे, वजनदार आहे, आणि त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. त्या रोगावर औषधच अजून सापडलेले नसेल, तर ‘या रोगावर अद्याप औषध नाही’ असे म्हणावे लागेल. औषध आहे, पण त्याचा साठा संपला असेल, तर ते अनुपलब्ध आहे. ते तयार होते, दुकानात मिळतेही, पण त्याची किंमत बहुतेकांना पेलत नसेल, तर ते आवाक्याबाहेर आहे. ते मिळते, पण त्यासाठी फार दूर जावे लागते आणि पुष्कळ खटपट करावी लागते, असे असेल तर ते दुर्लभ आहे. या चारही परिस्थितींत जबाबदारी वेगवेगळ्या लोकांवर येते: संशोधकांवर, पुरवठा करणाऱ्यांवर, किंमत ठरवणाऱ्यांवर किंवा वितरणाची व्यवस्था पाहणाऱ्यांवर. ‘अप्राप्य’ या एका शब्दाने ही सगळी नावे पुसली जातात आणि औषध न मिळणे हा जणू औषधाचाच स्वभावधर्म आहे असे भासू लागते. शिक्षण, घर, न्याय यांच्याविषयी लिहितानाही हेच घडते. माणसांनी उभी केलेली अडचण निसर्गाने घातलेल्या मर्यादेसारखी दिसू लागते, आणि निसर्गाच्या मर्यादेविरुद्ध कोणी दाद मागत नाही. म्हणून अशा ठिकाणी ‘अप्राप्य’ लिहिणे मला केवळ ढिसाळपणा वाटत नाही. त्याने नुकसान होते.

मग खरोखर अप्राप्य असे काही आहे का? आहे, आणि विज्ञानाने त्याची अत्यंत नेमकी उदाहरणे दिली आहेत. उणे 273.15 अंश सेल्सिअस या तापमानाला निरपेक्ष शून्य म्हणतात. पदार्थातील उष्णता काढून घेत गेले की तापमान उतरत जाते, पण जितके शून्याच्या जवळ जावे तितकी पुढची प्रत्येक पायरी अधिक लहान आणि अधिक कठीण होत जाते. कितीही पायऱ्या उतरल्या तरी, त्यांची संख्या मर्यादित आहे तोवर, कोणताही पदार्थ निरपेक्ष शून्यावर आणता येत नाही, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी 1912 मध्ये मांडले. प्रयोगशाळांनी एका अंशाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी अंतरापर्यंत मजल मारली आहे, पण ते उरलेले अंतर शून्य झालेले नाही आणि होणारही नाही. प्रकाशाच्या वेगाचेही तसेच आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला 299792458 मीटर जातो. वस्तुमान असलेल्या कोणत्याही कणाला या वेगाच्या अगदी लगत नेता येते, परंतु त्या वेगावर नेण्यासाठी अमर्याद ऊर्जा लागेल, आणि अमर्याद ऊर्जा कोणाजवळही नसते. येथे अडचण साधनांची, पैशांची किंवा कौशल्याची नाही. उद्याचे अधिक चांगले यंत्र आणखी जवळ नेईल, पोहोचवणार मात्र नाही. ‘अप्राप्य’ हा शब्द अशाच ठिकाणी आपल्या पूर्ण अर्थाने शोभतो.

चंद्राची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. योगशास्त्रात ज्या आठ सिद्धी सांगितल्या आहेत त्यांपैकी एकीचे नावच ‘प्राप्ती’ आहे, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यात तिचे वर्णन असे आहे की ही सिद्धी लाभलेला योगी बोटाच्या टोकानेही चंद्राला स्पर्श करतो. प्राप्तीची परिसीमा दाखवायची म्हणून भाष्यकाराने चंद्रच निवडला, कारण डोळ्यांना रोज दिसणारी आणि हाताला कधीच न लागणारी त्याहून ठळक वस्तू दुसरी नव्हती. जुलै 1969 मध्ये माणूस त्या चंद्रावर उतरला. याचा अर्थ पूर्वीच्या लोकांचे काही चुकले असा नव्हे. त्यांनी ते अंतर अचूक ओळखले होते आणि ते ओलांडायला असामान्य सामर्थ्य लागेल हेही ओळखले होते. भाष्यकारानेही चंद्राला स्पर्श करणे ही गोष्ट सिद्धीने का होईना पण साध्य मानली, अप्राप्य मानली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अप्राप्य आणि अस्तित्वातच नसलेले यांतही फरक करावा लागतो. आकाशपुष्प, सशाचे शिंग, वंध्यापुत्र ही भारतीय दर्शनांतील नेहमीची उदाहरणे आहेत. आकाशात उमललेले फूल कोणाला मिळत नाही याचे कारण ते फार उंच आहे हे नसून ते मुळातच नाही हे आहे. अशा गोष्टींना असत् म्हणतात. पाय या संख्येच्या दशांश विस्तारातील शेवटचा अंक कोणाला सापडत नाही, तेव्हाही तो अंक अप्राप्य आहे असे म्हणणे चूक ठरते. अठराव्या शतकात योहान लाम्बेर्ट यांनी पाय ही अपरिमेय संख्या असल्याचे सिद्ध केले, म्हणजेच तिच्या विस्ताराला शेवटचा अंक नाहीच. निरपेक्ष शून्य हे तापमान मात्र मोजपट्टीवर निश्चित जागी आहे, तेथे जाता येत नाही इतकेच. मृगजळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते: ते दिसते, त्याच्याकडे जाता येते, पण तेथे पाणी नसते.

बुद्धीच्या आणि इंद्रियांच्या पोहोचेविषयी बोलताना भाषेने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. इंद्रियांना जाणवत नाही ते अगोचर, तर्काने जाणता येत नाही ते अतर्क्य, समजून घेता येत नाही ते अनाकलनीय. अगम्य म्हणजे खरे तर जेथे जाता येत नाही ते, पण मराठीत हा शब्द पायांकडून बुद्धीकडे सरकला आहे. आज अगम्य भाषा म्हणजे न कळणारी भाषा, आणि जाण्यास कठीण अशा डोंगराळ प्रदेशासाठी आपण दुर्गम म्हणतो. ‘त्याचे बोलणे मला अप्राप्य होते’ असे कोणी लिहिले तर अर्थ लागेल, पण ते मराठी वाटणार नाही.

शेवटी वाक्यरचनेविषयी. अप्राप्य हे विशेषण विकारी नाही. अप्राप्य ध्येय, अप्राप्य वस्तू, अप्राप्य शिखरे, असे लिंग आणि वचन बदलले तरी ते तसेच राहते. ज्याला ते मिळत नाही त्याची चतुर्थी होते किंवा त्याला ‘साठी’ लागते: ‘मानवी बुद्धीला अप्राप्य असे ज्ञान’, ‘यंत्रासाठी अप्राप्य असा वेग’. ‘अप्राप्य असणे’ म्हणजे मुळातच तसे असणे, आणि ‘अप्राप्य ठरणे’ म्हणजे प्रयत्नांती तसे सिद्ध होणे. ‘अप्राप्य वाटणे’ यात लिहिणारा निर्णय न देता केवळ आपला अनुभव सांगतो, म्हणून खात्री नसेल तेव्हा हे तिसरे क्रियापद वापरणे सर्वांत सुरक्षित आहे. ‘अत्यंत अप्राप्य’ किंवा ‘अधिक अप्राप्य’ असे लिहू नये, कारण मिळू न शकण्याला तरतमभाव नसतो. कमीअधिकपणा दाखवायचा असेल तर दुर्लभ हा शब्द घ्यावा, त्याला अत्यंत, अतिशय आणि गीतेतल्याप्रमाणे ‘सु’सुद्धा चालतो, म्हणजे सुदुर्लभ. नामाप्रमाणे वापरताना मात्र अप्राप्यचे सामान्यरूप होते, जसे ‘अप्राप्याचा ध्यास’, ‘अप्राप्याची ओढ’, आणि अशा शब्दप्रयोगांत हा शब्द बहुधा योग्य असतो, कारण ज्या ध्यासाविषयी तेथे बोलले जाते तो ध्येय गाठता येणार नाही हे पक्के ठाऊक असूनच घेतलेला असतो.